ठकुकाकींचा राब आणि फौजदारांची पट्टी

कोंडिबाकाका दरवर्षी हरवायचे. चैत्रातली जत्रा झाली, मटणाचा शेवटचा रस्सा पुसून खाल्ला, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काखेत छत्री मारून "जरा जाऊन येतो" म्हणायचे आणि जायचे. ते परत यायचे थेट नवा तांदूळ शिजायच्या दिवशी. मधे राब भाजणं, पेरणी, चिखलणी, लावणी, कापणी, झोडणी एवढं सगळं उरकून जायचं आणि या सगळ्याला माणूस बेपत्ता. एक वर्ष मढे घाट उतरून कोकणात कुणाच्या तरी आंब्याच्या बागेत राखणीला राहिले. एक वर्ष धनगरांच्या मेंढरांमागं फलटणच्या पुढं गेले. एक वर्ष भोरात लग्नाच्या पंगतीत पाणी वाढत होते, हे तिथं जेवून आलेल्या माणसानं सांगितलं तेव्हा कळलं. पण नव्याच्या दिवशी, म्हणजे नवा तांदूळ देवाला दाखवून पहिल्यांदा खायचा त्या दिवशी, दुपारी बाराच्या आसपास घाटाच्या वाटेवर छत्री दिसायचीच. त्यांना तारीख कोण कळवायचं ते मला आजवर समजलेलं नाही.

मी नूतन, पासलीच्या या वरच्या वाडीची पोलीस पाटील. परीक्षा देऊन, मुलाखत देऊन झालेली. हे आधीच सांगते, कारण वाडीतले अर्धे लोक अजून माझ्या नवऱ्यालाच पाटील म्हणतात आणि त्यालाही ते आवडतं.

ठकुकाकी म्हणजे या कोंडिबाकाकांची बायको आणि माझी शेजारीण. माहेर भोंगवलीचं. सपाट रानातून सतराव्या वर्षी इथं डोंगरात आल्या आणि पहिल्या वर्षीच त्यांना कळलं, की नवरा गोड आहे, पण कामाच्या दिवसांत दिसत नाही. आता त्यांचं वय साठीच्या पुढं. अंगावर मूठभर मांस नाही. आवाज मात्र असा, की त्या ओट्यावरून कोंबड्यांवर ओरडल्या तर खालच्या वाडीतल्या कोंबड्याही घरात जातात. तोंडाला फाटक नाही. मनात आलं की बाहेर. मी एकदा विचारलं होतं, "काकी, असला नवरा कसा चालवून घेता?"

"आठ म्हयने घर माजं, चार म्हयने नवरा माजा," काकी म्हणाल्या. "तुज्यासारखं न्हाई, बारा म्हयने समोर."

गेल्या वर्षीही काका जत्रा झाल्यावर गेले. फरक एवढाच होता, की त्यांच्या लेकीनं, कामथडीला दिलेल्या धनश्रीनं, त्यांना दिवाळीला मोबाईल घेऊन दिला होता आणि तो ते फळीवर ठेवून गेले होते. मोबाईल नसताना माणूस नुसता गेलेला असतो. मोबाईल घरी ठेवून गेला की तो बेपत्ता होतो. धनश्री रोज फोन करायची, काकी उचलायच्या, "गेल्यात" म्हणायच्या आणि ठेवायच्या. अकराव्या दिवशी धनश्री एसटीनं आली, आईशी भांडली आणि जाऊन ठाण्यात तक्रार देऊन आली.

ठाण्यात फौजदार नवे होते. हिंगोलीकडचे. सोयाबीन आणि हळद यांच्यात वाढलेला माणूस, भात त्यांनी फक्त ताटात पाहिलेला. त्यांनी माझ्याकडं अहवाल मागितला. काकींबद्दल चार चांगले शब्द जावेत म्हणून मी मन लावून लिहिला. त्यातलं एक वाक्य मला स्वतःलाच फार आवडलं होतं: "सदर ठकुबाई अत्यंत कष्टाळू असून, पती गेल्याच्या चौथ्याच दिवशी त्यांनी एकटीने, कोणाचीही मदत न घेता, राब भाजला."

आमच्याकडं बाईसाठी याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही. दुसऱ्या दिवशी फौजदारांनी मला बोलावून घेतलं.

"पाटीलबाई, हा राब म्हणजे काय असतंय?"

मी खुशीत सांगायला बसले. भाताची रोपं ज्या तुकड्यात उगवायची तो तुकडा आधी भाजायचा. शेण पसरायचं, त्यावर झाडांच्या तोडलेल्या फांद्या, त्यावर गवत, त्यावर पालापाचोळा आणि सगळ्यात वर माती. मग वाऱ्याची दिशा बघून पेटवायचं. तण मरतं, राखेनं रोपं जोमदार येतात. फौजदार एकेक शब्द लिहून घेत होते. मला वाटलं, किती जिज्ञासू माणूस.

"किती वेळ जळतंय?"

"दिवसभर धुमसतं, साहेब."

"आत काय टाकलंय, ते बाहेरून दिसतंय?"

"छे! वर माती असते ना."

त्यांच्या मागं चिमाजी हवालदार उभे होते. ते इथलेच, वेल्ह्याच्या बाजूचे. त्यांनी कपाळाला हात लावलेला मी पाहिला, पण तोवर मी सगळं सांगून बसले होते.

"आणि हे बाईंनी एकटीनं केलं," फौजदार म्हणाले. "कुणाचीच मदत न घेता."

हवालदारांनी त्यांना नंतर शंभर वेळा सांगितलं, की साहेब, इथं सगळेच राब भाजतात. फौजदार म्हणाले, म्हणूनच तर कुणाला संशय येणार नाही.

जीप आली. काकींच्या राबाची राख चाळणीनं चाळायला सुरुवात झाली. अख्खी वाडी बांधावर. राखेतून आधी पट्ट्याचं बक्कल निघालं. मग शर्टाच्या सहा गुंड्या. मग हाडं. हाडं निघाल्यावर बांधावरचे लोक दोन पावलं मागं सरकले.

"जत्रंचा बोकड हाय त्यो," काकी म्हणाल्या. "उकिरड्यावर टाकल्याली हाडं शेणाबरूबर आली. आन गुंड्या गोधडीच्या. मालकांची गोधडी घातली म्या राबात. त्यांच्याच जुन्या कपड्यांची शिवल्याली. उंदरांनी खाल्ली व्हती."

"आणि बक्कल?"

"त्यांचा पट्टा."

"तो का जाळला?"

"राग आला व्हता!" काकींचा आवाज चढला. "मालक घावलं न्हाईत, मंग पट्टा घातला!"

मी मागून त्यांचा पदर ओढत होते. त्यांनी तो झटकला. फौजदारांनी वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. मग शेजारच्या रतनबाईंचा जबाब झाला. रतनबाईंनी सत्याला धरून सांगितलं, की ठकुबाई दरवर्षी म्हणतात, आता आला तर जित्ता गाडीन. "पर त्या समद्यांनाच म्हणत्यात," असंही रतनबाई म्हणाल्या होत्या. ते मात्र जबाबात कसं राहून गेलं कोण जाणे.

राबाच्या चारी कोपऱ्यांना खुंट्या ठोकून फौजदारांनी पिवळी पट्टी बांधली. हाडं तपासायला पुण्याला रवाना झाली. आणि काकींना ठाण्यात बोलावलं. महिला पोलीस पाटील म्हणून सोबत मीही.

"नवऱ्याचं नाव?"

काकी गप्प. त्यांच्या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर फौजदारांनी मला थांबवलं. कागदावर लिहिलं, "पत्नी पतीचे नाव सांगण्यास टाळाटाळ करते."

"अकरा दिवस तुम्ही तक्रार का दिली नाही?"

"दरसाल जात्यात, सायब. दरसाल दिली असती तर तुमचं कपाट भरलं असतं."

"जायच्या दिवशी भांडण झालं होतं?"

"व्हय."

"कशावरून?"

"कशावरून न्हाई त्ये इचारा. लवकर हुईल."

कोपऱ्यात सोनिया नावाची पोलीस शिपाई बसली होती, ती हसली. फौजदारांनी तिच्याकडं बघितल्यावर तिनं रजिस्टरमध्ये डोकं घातलं.

"शेवटचं काय बोलणं झालं तुमच्यात?"

काकींची जीभ इतका वेळ सुरीसारखी चालत होती. ती इथं अडली. त्यांनी पायाच्या अंगठ्याकडं बघितलं. "न्हेमीचंच," म्हणाल्या. मला ते खटकलं, पण म्हटलं, दमल्या असतील.

बाहेर आल्यावर मात्र त्यांनी मलाच धरलं. "नूतन, ती पट्टी कवा काढनार?"

"तपासणीचा कागद आल्यावर. दोन-तीन महिने."

"रोहिण्या थांबतील व्हय तवर? राबात बी न्हाई पडलं तर तरवा न्हाई, तरवा न्हाई तर लावणी न्हाई. तांदूळ न्हाई झाला तर नवं कशाचं करू म्या? आन नवं न्हाई शिजलं तर त्ये कशाला येतील?"

तेव्हा मला उलगडा झाला. काकींना ना अटकेची भीती होती, ना बदनामीची. फौजदार ज्या तुकड्यात नवऱ्याचं मढं शोधत होते, त्याच तुकड्यातून काकींना नवरा परत आणायचा होता. मी म्हटलं, रतनबाईंकडून तयार रोपं घेऊ. नाहीतर नव्याच्या दिवशी दुसऱ्या कुणाचा तांदूळ शिजवा.

"त्यांना वास कळतोय," काकी म्हणाल्या आणि विषय संपला. नवा राब भाजायचा म्हटलं तर हिवाळ्यापासून साठवलेलं शेण आणि कवळ, म्हणजे तोडलेल्या फांद्या, सगळं एकदाच जळून गेलं होतं.

मी फौजदारांकडं दोनदा गेले. अर्ज दिला. ते म्हणाले, "पुरावा आहे तो, पाटीलबाई. आत कुणाचंही पाऊल पडता कामा नये." मी रागाच्या भरात येऊन काकींना शब्द न शब्द सांगितला. काकींनी दोनदा विचारलं, "पाऊल म्हणाले? नक्की पाऊल?"

रोहिणीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी काकींनी मला हाक मारली. ओच्यात भाताचं बी घेऊन त्या राबाच्या बांधावर, पट्टीच्या बाहेर उभ्या होत्या. राबाचा तुकडा लांबट, जेमतेम दहा पावलं रुंद. एका बाजूनं चालत त्यांनी मूठ-मूठ बी फेकलं, मग वळसा घालून दुसऱ्या बाजूनं. चाळीस वर्षांचा हात. एक दाणा पट्टीबाहेर पडला नाही. बी मातीआड करायला करवंदीची काटेरी फांदी दोन दोरांना बांधलेली होती. एक दोर त्यांनी माझ्या हातात दिला.

"वढ."

"काकी, मी पोलीस पाटील आहे!"

"म्हून तर तुला बलावली. कायद्यात बसतंय ना बग, आन वढ."

मी ओढला. या बाजूनं मी, त्या बाजूनं काकी, मधे पोलिसांच्या पट्टीच्या आत फांदी मागं-पुढं. पाऊल कुणाचंही पडलं नाही. मी शपथेवर सांगेन.

पाऊस लागल्यावर पंधरा दिवसांनी फौजदार चौकशीला आले, तर पिवळ्या पट्टीच्या आत वीतभर रोपांचा हिरवागार तरवा डुलत होता. ते राबाला दोनदा फेरी मारून आले.

"आत कोण गेलं होतं?"

"कुणीच न्हाई. पावलं बगा की," काकी म्हणाल्या.

पावलं नव्हतीच. चिमाजी हवालदार डोंगराकडं तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. फौजदारांनी माझ्याकडं बघितलं. मी दोर ओढलेले हात पाठीमागं घेतले. शेवटी लावणीच्या वेळी रोपं काढायला त्यांनी परवानगी दिली, पण पंचनामा करूनच. रोपांच्या एकशे बारा मुठी मोजून लिहिल्या गेल्या. पंचांच्या सह्या होऊन लावलेलं भात आमच्या तालुक्यात दुसरं नसावं.

मधल्या काळात दर सोमवारी काकींना ठाण्यात हजेरी होती. उन्हाळ्यात त्या जाताना ठाण्याला करवंदं न्यायच्या, पावसाळ्यात रानभाज्या. हळूहळू ठाण्याला त्यांची सवय लागली. सोनियानं डबा पुरा संपवला नाही तर काकी तिला फैलावर घ्यायच्या. एका सोमवारी ताप आला म्हणून काकी गेल्या नाहीत, तर हवालदारांनी मला फोन करून विचारलं, "संशयित बऱ्या हाईत का?"

वाडीतले लोक मात्र गमतीनं का होईना, बोलायचे. पाणवठ्यावर विषय निघाला की कुणी म्हणायचं, राबात घातला असंल खरंच. काकी वर मान करून म्हणायच्या, "नव्याला इतील तवा तुमची तोंडं बगते." हे त्या इतक्या वेळा म्हणाल्या, की श्रावणानंतर मला त्याची भीती वाटायला लागली. कारण काकांची कुठूनच खबर नव्हती. दरवर्षी निदान एखादा तरी माणूस त्यांना कुठं ना कुठं पाहून यायचा. त्या वर्षी कोकणात विचारलं, धनगरांकडं विचारलं, भोरातल्या मांडववाल्यांकडं विचारलं. कुणीही पाहिलं नव्हतं.

दसऱ्याच्या सुमाराला पुण्याहून कागद आला. हाडं शेळीवर्गीय प्राण्याची. फौजदारांनी स्वतः येऊन पट्टी सोडली. ती गुंडाळून खिशात घालताना म्हणाले, "बाई, चुकलं माझं."

"चुकलं तर चुकलं," काकी म्हणाल्या. "चा घ्या."

त्या चहावर फौजदारांना कल्पना सुचली. आमच्या सगळ्यांच्या जबाबात एक गोष्ट समान होती, की काका नव्याच्या दिवशी येतात. सोयाबीनवाल्या माणसाला ती आता कुठं पटली. "आपण सापळा लावू," ते म्हणाले.

मार्गशीर्षातल्या रविवारी सापळा लागला. फौजदार साध्या कपड्यांत आले, पण बूट पोलिसांचेच होते. ते आणि हवालदार गोठ्यात गव्हाणीमागं बसले. सोनिया चुलीपाशी काकींची भाची म्हणून. गुप्त सापळा म्हणून कुणालाही सांगायचं नव्हतं, त्यामुळं सकाळपासून वाडीतली माणसं काही ना काही निमित्तानं येऊन गोठ्यात डोकावत होती आणि "आलं का?" म्हणून फौजदारांनाच विचारत होती. धनश्रीही कामथडीहून आली होती. तक्रार दिल्यापासून ती आईशी बोलत नव्हती. आल्या आल्या पाट मांडायला लागली.

अकराला काकींनी पातेल्यावरचं झाकण काढलं. इंद्रायणीचा वास गोठ्यापर्यंत गेला आणि गव्हाणीमागं कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं. देवाला नैवेद्य दाखवला. पानं मांडली, पण जेवायचं नाही. पहिला घास काकांचा. घास खाऊन डोळे मिटायचे आणि "ठकू, जमलाय" म्हणायचं, मग बाकीच्यांनी हात घालायचा, असा त्या घरचा नेम.

बारा वाजले. काकी दारात उभ्या राहिल्या. एक वाजला. दोन वाजले. त्यांनी भात पुन्हा गरम केला, पुन्हा दार. तीनला फौजदार गव्हाणीमागून उठून ओट्यावर येऊन बसले. कुणी त्यांना लपा म्हटलं नाही. चारची एसटी आली, वळली, गेली. घाटाच्या वाटेवर छत्री दिसली नाही.

काकींनी आत जाऊन आम्हा सगळ्यांना वाढलं. फौजदार खाली मान घालून जेवले आणि त्यांच्या तोंडून आपसूक निघालं, "बाई, असला भात मी जन्मात खाल्ला नाही." काकींच्या हातातली पळी थांबली. मग त्यांनी काकांचं झाकून ठेवलेलं ताट उचललं, गाईपुढं ठेवलं आणि पदराला हात पुसत फौजदारांसमोर येऊन बसल्या.

"सायब, कागद हाय का? माणूस हरवल्याचं लिव्हायचंय."

"तक्रार हाय की, काकी," हवालदार म्हणाले. "धनश्रीनं दिल्याली."

"ती लेकीची. माजी न्हाई."

फौजदारांनी हवालदारांना हातानं थांबवलं आणि पिशवीतून कोरा अर्ज काढला. "नाव?" एवढंच विचारून ते थांबले. मला वाटलं आता मला सांगावं लागणार.

"कोंडिबा गेनबा रांजणे," काकी म्हणाल्या.

धनश्रीनं तोंडाला पदर लावला. आईच्या तोंडून बापाचं नाव तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. वय सांगून झालं, कपडे सांगून झाले. ओळखीची खूण काय, तर उजवी करंगळी वाकडी, हाक मारली की लगेच ओ देत नाही, भात बघितला की हसतो. फौजदारांनी सगळं लिहिलं, हसतो तेही.

"जाताना शेवटचं काय बोलणं झालं?"

"दरसाल म्या म्हनायची, कुठंबी जा, पर नव्याला या." काकींचा आवाज एवढा हळू मी कधी ऐकला नव्हता. "आवंदा राबाचं वझं एकलीच्या डोक्यावर बगून डोकं फिरलं माजं. म्हनलं, आवंदा नव्यालाबी येऊ नगा. त्ये काय बोललं न्हाईत. मोबाईल फळीवर ठेवला आन गेलं."

आठ महिने ही एवढीच गोष्ट त्यांनी पोलिसांना सांगितली नव्हती. कुणालाच सांगितली नव्हती. गोठ्यात गाय ताट चाटत होती. अर्जात शेवटचा रकाना राहिला होता.

"कुणावर संशय?"

"माज्यावर," काकी म्हणाल्या.

फौजदारांनी त्या रकान्यात ठळक अक्षरात "नाही" लिहिलं आणि काकींचा अंगठा घ्यायला शाईची डबी उघडली.